मावससासूबाई आणि तंबूवाल्याची पत्रं

कर्जत तालुक्यात रागावण्याचा मान एकाच माणसाला द्यायचा असं उद्या ठरलं, तर बाकीच्यांनी उगाच अर्ज करून कागद वाया घालवू नयेत. तो मान माझ्या मावससासूबाईंचा आहे. तशी आमच्याकडे रागावणारी माणसं कमी नाहीत. लाइट गेली की रागावतात, रेल्वेचं फाटक पडलं की रागावतात, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी चौक अडवला की तर विचारूच नका. पण हे राग तात्पुरते. लाइट आली की उतरतात. माझ्या मावससासूबाईंचा राग दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या पत्रांबद्दलचा आहे, आणि लोक ती पत्रं अजूनही चुकीची वाचतात, त्यामुळे तो उतरायला काही कारणच मिळत नाही. ही पत्रं म्हणजे येशूला मानणाऱ्या अगदी पहिल्या पिढीतल्या माणसांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं. त्यांतली पुष्कळशी एकाच माणसाची. तो पोटासाठी तंबू शिवायचा, गावोगाव हिंडायचा आणि वरचेवर तुरुंगात जायचा. जग त्याला संत म्हणतं. मावशी त्याला तंबूवाला म्हणतात. "अहो जावईबापू, संत म्हटलं की माणसं पत्र वाचत नाहीत, नुसते हात जोडतात," असं त्यांचं म्हणणं.

या रागाचा पहिला तडाखा आमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांना बसला. मावशींची दाढ काढायची होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ते चढेपर्यंत बाहेर बसायला सांगितलं. बाहेर भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर धबधब्याचं चित्र आणि खाली तंबूवाल्याच्या एका पत्रातली एकच ओळ, मनःशांतीबद्दलची, सोनेरी अक्षरांत छापलेली. मावशींनी ती वाचली आणि तशाच उठून आत शिरल्या. अर्धं तोंड बधिर झालेलं. "हा माणूश तुलुंगात होता!" त्या गरजल्या. डॉक्टरांना वाटलं, औषध जास्त झालं. त्यांनी मावशींना खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा मावशींनीच त्यांना खुर्चीत बसवलं आणि अर्ध्या तोंडाने समजावून सांगितलं की पायात बेडी असताना, उद्या जगू की मरू हे ठाऊक नसताना त्या माणसाने शांतीबद्दल लिहिलं होतं, आणि ज्या राज्याने त्याला आत टाकलं होतं ते राज्यसुद्धा आपण जगाला शांती दिली म्हणून डांगोरा पिटत होतं. "म्हणजे हा टोमणा आहे, टोमणा! आणि तुम्ही वर धबधबा लावता?" हे सगळं होईपर्यंत बधिरपणा उतरला आणि डॉक्टरांना दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. कॅलेंडर त्याच दिवशी उतरलं. तेव्हापासून डॉक्टर दर शनिवारी मावशींच्या वाचनाला येतात. भीतीने येतात की आवडीने, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

मावशी जन्मभर पोस्टात होत्या. कर्जतला, मध्ये काही वर्षं खोपोलीला, आणि सुरुवातीला आसपासच्या खेड्यांत. त्या काळी पोस्टातल्या बाईला नुसती तिकिटं विकून चालायचं नाही. लिहिता न येणाऱ्या बायका खिडकीशी यायच्या आणि पत्र सांगायच्या, आलेलं पत्र वाचून घ्यायच्या. सांगताना शेजारी सासू किंवा दीर उभा असायचाच. मावशी म्हणतात, त्या खिडकीत त्या वाचायला शिकल्या. त्याआधी शाळेत नुसती अक्षरं ओळखत होत्या. कडावच्या एका सुनेची गोष्ट त्या नेहमी सांगतात. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. सासू शेजारी उभी. सुनेने सगळ्यांची खुशाली सांगितली, सासूबाई फार जपतात म्हणून सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "लिवा, आपल्या विहिरीचा रहाट लय करकरतोय, कवा तुटंल सांगता येत नाय." मावशींनी लेखणी थांबवली. त्यांना पक्कं माहीत होतं की त्या घराला विहीरच नव्हती. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून जमिनीकडे पाहत होती. मावशींनी तिने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली आपल्या मनाने भर घातली, 'रहाट या महिन्यात तुटेल असं दिसतं, रजा काढून येणे.' नवरा चौथ्या दिवशी आला आणि बायकोला घेऊन गेला. "आता सांगा," मावशी आम्हाला विचारतात, "ते पत्र शंभर वर्षांनी कोणाला सापडलं, तर तो काय म्हणेल? कडावच्या विहिरींवर निबंध लिहील!"

तंबूवाल्याशी त्यांची गाठ पडली ती निवृत्तीनंतर. दहिवलीला त्यांच्या शेजारी एक ख्रिस्ती नर्सबाई राहायच्या. दोघींचं सकाळचं फिरणं एकत्र, लोणची एकत्र. मुलाकडे कायमच्या राहायला जाताना नर्सबाईंनी आपलं जुनं काळ्या पुठ्ठ्याचं धर्मपुस्तक मावशींच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "यात शेवटी पत्रं आहेत. तुला आवडतील." एवढंच निमित्त झालं. महिन्याभरात खोपोलीला राहणाऱ्या मावशींच्या धाकट्या भावाच्या कानावर गेलं की ताई रोज पहाटे ते पुस्तक घेऊन बसते. भाऊ दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन आला. ताई धर्म बदलणार की काय, हा प्रश्न त्याला सरळ विचारता येईना, म्हणून तो हवापाण्याचं बोलत बसला. मावशींनी पाच मिनिटं ऐकलं आणि भडकल्या. "पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांचीच पत्रं वाचली. मुसलमानांची वाचली, गुजरात्यांची वाचली, पोलिसांची वाचली. तेव्हा तू विचारायला आला नाहीस, मी पोलीस होणार का म्हणून! पत्र वाचायला जात लागते का रे?" मग त्यांनी त्या तिघांना बसवून घेतलं आणि एक अख्खं पत्र वाचून दाखवलं. भाऊ घरी जाताना पुटपुटला, "ताई होती तशीच आहे." हे त्याने समाधानाने म्हटलं की निराशेने, कोण जाणे.

त्यांच्या वाचनाच्या पद्धतीवर मात्र पोस्टाचा शिक्का ठसठशीत. कुठलंही पत्र हातात आलं की त्या मजकुराकडे बघत नाहीत. आधी विचारतात, हे लिहिलं कोणी, सांगितलं कोणी, आणि नेलं कोणी? विशेषतः नेलं कोणी. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून माझ्याकडून त्यांनी समुद्राचा आणि रस्त्यांचा एक भला मोठा नकाशा काढून घेतला. त्यावर करिंथहून, म्हणजे ग्रीसमधून, रोमला पत्र जायला किती दिवस लागतील, असं त्यांनी मला विचारलं. मी अंदाजे सांगितलं. "अंदाजे?" त्या इतक्या खवळल्या, जणू मीच ते पत्र वाटेत हरवलं होतं. रोमला गेलेलं ते लांबलचक पत्र एका बाईने नेलं असावं, असं जाणकार म्हणतात. हे कळलं त्या दिवशी मावशींनी शिरा केला होता. "नेलं तिने, म्हणजे वाचूनही तिनेच दाखवलं असणार. कोणी काही विचारलं, तर उत्तरही तिनेच दिलं असणार. आणि हे लोक सांगतात, बायकांनी गप्प बसावं असं तंबूवाल्याने लिहिलंय!" ती ओळ खरोखरच दुसऱ्या एका पत्रात आहे. ती पहिल्यांदा वाचली, तेव्हा मावशींनी तंबूवाल्याशी अबोला धरला होता. आठवडाभर पुस्तक कपाटावर. मग कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं की ती ओळ मागाहून दुसऱ्याच कोणीतरी घुसडली असावी, अशी अभ्यासकांना शंका आहे. त्यांनी पुस्तक खाली काढलं, पुसलं, आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. अक्षर त्याचं नाही ते."

शनिवारच्या वाचनाला आम्ही मोजकी माणसं असायचो. मी, दातांचे डॉक्टर, कडावहून दूध घालायला येणारे आबा, आणि पळसदरीचे साहेब. आबांचं मूळ काम मापं ओतून परत जायचं, पण एकदा ते दाराशी ऐकत थांबले आणि मग आत येऊन बसायलाच लागले. मावशी एका शनिवारी सांगत होत्या की त्या काळी 'प्रभू' हा शब्द बादशहासाठी वापरायचे, 'देवाचा पुत्र' असं बादशहाच्या नाण्यांवर कोरलेलं असायचं, आणि बादशहा लढाई जिंकला की गावोगाव दवंडी पिटायचे तिला 'सुवार्ता' म्हणायचे. तंबूवाल्याने हेच तिन्ही शब्द उचलले आणि बादशहाच्या सुभेदाराने फासावर, म्हणजे क्रूसावर, चढवलेल्या एका सुताराला लावले. आबा बराच वेळ टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हंजे मावशी, सरपंचाच्या बोर्डावरचं नाव खोडायचं नाय, तसंच्या तसं उचलायचं आनि आपल्या गड्याच्या झोपडीवर नेऊन लावायचं. आसंच ना?" मावशींनी आनंदाने मांडीवर थाप मारली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा! ह्यांना कळलं! तुम्हांला चार वर्षं सांगते आहे!"

पण खरा शिष्य म्हणाल तर पळसदरीचे साहेब. खोपोलीकडच्या एका कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, पळसदरीच्या धरणाजवळ बंगला बांधून राहणारे. बायको मुलाकडे परदेशी, ती बहुधा तिकडचीच झालेली. बंगल्यात ते आणि अंथरुणाला खिळलेली त्यांची आई. साहेब वही घेऊन यायचे. मान किंचित खाली घालून ऐकायचे आणि नेमक्या ठिकाणी "अच्छा" म्हणायचे. सांगणाऱ्याला असा एक ऐकणारा मिळाला की बाकीचे नसले तरी चालतात. मावशी त्यांच्यावर कधीच रागावल्या नाहीत, आणि खरं सांगतो, याचा मला थोडा रागच यायचा.

हिवाळ्यात एखादा शनिवार साहेब आपल्या बंगल्यावर ठेवायचे. तशाच एका शनिवारी मावशींनी तिथे तंबूवाल्याचं सगळ्यांत लहान पत्र वाचलं. तुरुंगात त्याला एक गुलाम भेटतो. या गुलामाचा मालक तंबूवाल्याचा स्नेही. तंबूवाला त्या गुलामाला पत्र देऊन मालकाकडे परत पाठवतो, आणि याला आता भावासारखा वागव म्हणून लिहितो. वरवर पाहिलं तर गोड, नम्र विनंती. मावशींनी पत्राच्या पहिल्या ओळींवर बोट ठेवलं. "पत्र एकट्या मालकाला नाही. त्याच्या घरी जमणाऱ्या सगळ्या मंडळींना आहे. म्हणजे ते मोठ्याने, सगळ्यांदेखत वाचलं जाणार. आता नाही कसं म्हणेल तो? आणि शेवटी लिहितो, माझी राहायची सोय करून ठेव, मी येतोय. म्हणजे बघायला येतोय, तू काय केलंस ते!" मग त्यांचा आवाज चढला. "आणि सगळे म्हणतात, गुलाम पळाला होता. पळाला असं पत्रात कुठे आहे? एक शब्द दाखवा! हा शब्द मालकांच्या बाजूने वाचणाऱ्यांनी घातलाय." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांचे डोळे पाणावले होते. दाराशी त्यांच्याकडे काम करणाऱ्या हिराबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, आणि चहा निवेपर्यंत उभ्याच राहिल्या.

हिराबाई पन्नाशीच्या, विधवा, कडावजवळच्या. साहेबांच्या आईचं सगळं आठ वर्षं त्यांनीच केलं. पुढे काही दिवसांत म्हातारीबाई गेल्या. त्यानंतर साडेअकरा महिन्यांनी एका सकाळी हिराबाई एक पिशवी घेऊन मावशींच्या दारात आल्या. मी त्या वेळी तिथेच होतो. त्यांना शिळफाट्याजवळच्या एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाचं काम मिळत होतं, राहायला नणंदेचं घर होतं. कॅन्टीनवाल्याने आधारकार्ड आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागितला होता. ते कागद साहेबांच्या लोखंडी कपाटात. आई आजारी असताना साहेबांनीच ते 'हरवतील' म्हणून ठेवून घेतले होते, आणि आता मागितले की उद्या बघू म्हणत होते. "तीन महिनं उद्या बघू चाललंय," हिराबाई म्हणाल्या. "मावशी, मला भांडान नको. माजे कागद पायजेत. त्या दिवशी तुमी त्या गड्याचं पत्र वाचलं ना, म्हनून तुमच्याकडं आले."

मावशी न भडकता चष्मा शोधू लागल्या, तेव्हाच मला काळजी वाटली. त्यांनी साहेबांना फोन लावला. इकडून फक्त हं, हं, असं ऐकू येत होतं. मग एकाएकी त्या उभ्या राहिल्या. "काय म्हणालात? पळून गेली? माणूस काम सोडून निघतं हो! पळून जातं ते कोंडलेलं!" पलीकडून आणखी काही बोलणं झालं. मावशींनी फोन ठेवला आणि आम्हाला सांगितलं, की साहेब पोलिसांत हरवल्याची तक्रार देणार म्हणतात. हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. पोलीस या शब्दाने त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. "मी कुटं हरवले?" त्या म्हणाल्या. "मी हितं बसलेय ना."

त्या दिवशीचा मावशींचा राग मी आधी कधी पाहिला नव्हता. त्या ओरडल्या नाहीत. भांडी आपटली नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन हिराबाईंसाठी पोहे टाकले आणि परतताना स्वतःशीच म्हणत राहिल्या, "वहीत लिहून घेतो. डोळ्यांत पाणी आणतो. वहीत लिहून घेतो." मलाही राग आला होता. मी म्हटलं, आपणच पोलिसांकडे जाऊ. मावशींनी हिराबाईंकडे पाहिलं. हिराबाईंनी जोरजोरात मान हलवली. तो विचार तिथेच संपला. साहेबांची तक्रारही बोलण्यापुरतीच राहिली.

साहेबांच्या आईच्या वर्षश्राद्धानंतरच्या शनिवारी आम्हा सगळ्यांना पळसदरीला जेवायचं आधीपासूनच बोलावणं होतं. तोवर हिराबाई दहिवलीला मावशींकडेच राहिल्या, बारा दिवस. शनिवारी सकाळी मी मावशींना न्यायला रिक्षा घेऊन गेलो, तर त्या पाय लांब करून बसलेल्या. "गुडघा सुजलाय. मी येत नाही." मला दोन्ही गुडघे सारखेच दिसत होते. त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं, तोंड न चिकटवलेलं. "हिराबाई तुमच्याबरोबर येतील. सगळे जमले की हे मोठ्याने वाचायचं. पाहुण्यांना जेवायला वाढण्याआधी." मी म्हटलं, "मावशी, मी का?" तर म्हणाल्या, "तुमचा आवाज शाळेतला आहे. मागच्या बाकापर्यंत जातो."

पळसदरीला सगळे दिवाणखान्यात बसले होते. जेवण बाहेरून मागवलेलं होतं, त्याचे डबे टेबलावर बंद होते. माझ्यामागून हिराबाई येताना दिसल्या तसे साहेब अर्धवट उठले आणि परत बसले. हिराबाई सवयीने उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी पाकीट उघडलं. मावशींनी लिहिलं होतं:

'पळसदरीचे आमचे साहेब, आणि आज त्यांच्या घरी जमलेले डॉक्टर, आबा आणि आमचे जावई, या सर्वांस नमस्कार. साहेब, सहा वर्षं तुम्ही माझं वाचन ऐकलंत. तुमच्याइतकं मन लावून कोणी ऐकलं नाही, हे मी या सगळ्यांदेखत सांगते. हिराबाई तुमच्याकडे येत आहेत. त्या माझ्या पाहुण्या आहेत, तेव्हा त्यांना खुर्ची द्यावी. तुमच्या आईंना शेवटपर्यंत आंघोळ कोणी घातली, रात्री कुशीवर कोणी वळवलं, ते मी लिहीत नाही; तुम्हांलाच जास्त ठाऊक. हिराबाईंचे कागद तुम्ही इतके दिवस जपून ठेवलेत. आता ते त्यांच्या हाती द्यावेत. मी आग्रह करत नाही, कारण आग्रहाची गरज पडणार नाही अशी माझी समजूत आहे. गुडघा बरा झाला की मी येते. दोन दिवस राहीन. वरच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून ठेवावा.'

पंख्याच्या ओळीला डॉक्टरांनी खाली पाहिलं. आम्हा चौघांनाही ते पत्र कुठल्या पत्रावर बेतलेलं आहे हे कळलं होतं, आणि सगळ्यांत आधी ते साहेबांना कळलं होतं. आबा उठले, त्यांनी आपली खुर्ची उचलून उंबऱ्याच्या आत ठेवली. "बस गं हिरे. आत येऊन बस." हिराबाई आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मी काय कोंडून ठेवलं होतं हिला?" ते माझ्यावरच ओरडले. "मी हिला घरातलं माणूस समजत होतो! विचारा तिला!" हिराबाईच हळू आवाजात बोलल्या. "समजत व्हता, साहेब. मी नाय म्हनत नाय. आईंचं मी मनापासनं केलं. पन तुमचे कागद तुमच्या कपाटात हायत ना? माजे माज्याजवळ असूंद्या." साहेबांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. मग जिन्याने वर गेले. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. खाली येताना त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची फाइल होती. ती त्यांनी हिराबाईंच्या हातात दिली, टेबलावर ठेवली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "ही गेली की या घरात आईचं नाव घेणारं कोणी राहत नाही. एवढंच होतं." हिराबाईंनी फाइल उघडून एकेक कागद पाहिला, आणि रडायला लागल्या. डबे कोणी उघडले नाहीत. आम्ही पायीच स्टेशनकडे निघालो.

मी संतापून दहिवलीला गेलो. "तुम्ही घरी बसलात आणि मला पुढे केलंत! त्यांच्याच घरात, त्यांच्याच आईच्या दिवसांत!" मावशींनी मला ओरडू दिलं. शेवटी म्हणाल्या, "मी तिथे असते तर तो माझ्याशी भांडला असता, आणि मग कागद बाजूला राहिले असते." थोड्या वेळाने विचारलं, "चेहरा कसा होता त्याचा?" मी सांगितलं. खिडकीकडे तोंड करून ते काय म्हणाले, तेही सांगितलं. मावशींनी चष्मा काढून हातात धरला. "मी केलं ते बरोबर केलं," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा तसंच म्हणाल्या. आता कोणी त्यांना चूक म्हणत नव्हतं.

हिराबाई शिळफाट्याला कामाला लागल्या. सुट्टीच्या दिवशी येतात, मावशींना कॅन्टीनच्या मुकादमाच्या तक्रारी सांगतात, आणि मावशी मुकादमावर मनापासून रागावतात. शनिवारचं वाचन चालूच आहे. साहेब मात्र परत आले नाहीत. गुडघा बरा होऊनही मावशी पळसदरीला गेल्या नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "पंखा दुरुस्त केला असेल की नाही कोणास ठाऊक," आणि दुसरंच बोलू लागल्या. वाचताना मात्र त्या अजूनही एखादं वाक्य संपवून क्षणभर थांबतात. त्या ठिकाणी पूर्वी "अच्छा" यायचं. डॉक्टरांनी एकदा तिथे "अच्छा" म्हणून पाहिलं. मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

गेल्या महिन्यात मला साहेब शिळफाट्याच्या भाजीबाजारात भेटले. मी टाळणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. उन्हात उभं राहून आम्ही वीसेक मिनिटं बोललो. सध्या कुठलं पत्र चाललंय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग मावशी आता त्या भांडणाच्या भागाशी आल्या असतील," ते हसून म्हणाले, "तिथे फार चिडतात त्या." नमस्कार सांगा असं काही ते म्हणाले नाहीत. मी तसाच दहिवलीला गेलो आणि मावशींना सांगितलं.

मावशी तांदूळ निवडत होत्या. "काय घेत होता?" त्यांनी विचारलं.

"भेंडी."

"किती?"

हे कोणी लक्षात ठेवतं का? पण माझ्या लक्षात होतं. "पाव किलो."

"पाव किलो म्हणजे एकट्याचं," त्या म्हणाल्या. बोटं ताटात थांबली होती. "करतं कोण ती? त्याला येते का करता?"

"मी नाही विचारलं."

"वीस मिनिटं उभे होतात ना उन्हात?"

"हो."

"मग विचारलंत काय, जावईबापू?" मावशी म्हणाल्या. "वीस मिनिटं विचारलंत तरी काय त्याला?" शब्द सगळे रागाचे होते, आणि मी सवयीने मान खाली घातली. पण पुढचं काही आलं नाही. वर पाहिलं तेव्हा त्या तांदळाचं ताट मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या.